धुरी दिलेल्या मांसातील चवळी: माझा अनुभव
अमेरिकेच्या दक्षिणेत नववर्षाच्या दिवशी धुरी दिलेल्या मांसाबरोबर शिजवलेली चवळी खाण्याची कृष्णवर्णीय कुटुंबांची जुनी प्रथा आहे. गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांबरोबरच हे कडधान्य तिकडे पोहोचले. अटलांटात राहायला आल्यावर १ जानेवारीला मीही हा पदार्थ करायला घेतला आणि उसळीच्या सवयीने भिजवलेली चवळी, मीठ व हॅम हॉक, म्हणजे डुकराच्या घोट्याचा धुरी दिलेला तुकडा, असे सगळे एकदमच कुकरला लावले. झाकण उघडले तेव्हा चवळीचा लगदा झाला होता, मांस मात्र हाडाला चिवटपणे धरून होते आणि रस्सा जिभेवर ठेववेना इतका खारट होता.

चूक वेळेची होती. घोट्याची कातडी मऊ होऊन तिचा चिकट रस पाण्यात उतरायला मंद आचेवर दोन-अडीच तास लागतात, तर भिजवलेली चवळी पाऊण तासात शिजते. शिवाय ते मांस मुळातच मिठात मुरवलेले असते.

दुसऱ्या खेपेस हॉक कांदा, लसूण आणि तमालपत्रासह जाड बुडाच्या पातेल्यात एकटाच शिजवला आणि चिमट्याने ओढताच हाड अलगद निसटले, तेव्हाच चवळी घातली. मीठ शेवटी चाखून घातले, तेही जेमतेम पाव चमचा. व्हिनेगर मात्र ताटातच घ्यावे, कारण शिजताना आंबट पडले तर दाणा टणक राहतो. जिरे-मोहरीची फोडणी द्यायचा मोह झाला होता. तो आवरला, हे बरेच झाले.