विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यावी

आमच्या संस्थेत नवीन आलेल्या मुलांना मी आधी चप्पल घालायला सांगते, नकाशा नंतर. प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी ठेवायची हे दाखवणारा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाला की एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम), 1966च्या कलम 26 प्रमाणे लोकांकडून हरकती मागवतात. मुदत बहुधा 30 दिवसांची, पण जाहीर सूचनेतली शेवटची तारीख स्वतः वाचा.

मग आपल्या वॉर्डाच्या नकाशाची प्रत घेऊन गल्लीगल्ली फिरायचं. नकाशात उद्यान आणि जागेवर पाच मजली सोसायटी? जमिनीचा सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टिपा, फोटो काढा. 2015 साली मुंबईचा प्रारूप आराखडा असल्याच ढोबळ चुकांमुळे सरकारने नव्याने करायला लावला. चुका लोकांनीच शोधल्या होत्या.

एका अर्जात एकच मुद्दा. 'आमच्या भागावर अन्याय' असं लिहू नका. 'अमुक सर्व्हे नंबरवरचं शाळेचं आरक्षण (शाळेसाठी राखलेली जागा) कायम ठेवावं, कारण जवळ दुसरी शाळा नाही' असं लिहा. छापील मजकुरावर शंभर सह्यांपेक्षा दहा जणांचे वेगवेगळे अर्ज मला जास्त मोलाचे वाटतात.

आवक विभागाचा शिक्का असलेली पोच घ्याच. एकदा ती घेतली नाही आणि आमचा सबंध गठ्ठाच 'मिळाला नाही' ठरला.

कलम 28 खाली नियोजन समितीपुढे सुनावणी होते. बोलायला थोडीच मिनिटं मिळतात. मोठा नकाशा न्या, त्यावर लाल पेनाने एकच गोल काढलेला असू द्या.