इंग्रजी उताऱ्यांचे पेपर सोडवूनही गुण जागचे हलत नसतील, तर या चुका टाळा

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीची सरावाची वही अजून डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक पानावर तारीख, पेपरचा क्रमांक आणि खाली गुण. ४० पैकी २४. मग २५, २३, २६, पुन्हा २४. असे एकोणीस पेपर तिने घड्याळ लावून सोडवले होते. मेहनतीत कुठेच कसूर नव्हती. पण त्या अख्ख्या वहीत एकाही चुकलेल्या प्रश्नापुढे तो का चुकला याबद्दल एक ओळ नव्हती. नुसती लाल फुली, आणि पान उलटून पुढचा पेपर.

विद्यापीठाच्या पातळीवरच्या इंग्रजी परीक्षांची तयारी करणाऱ्यांमध्ये ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटात असतात. पेपर सोडवल्याने तुम्ही आज कुठे आहात ते कळतं. पुढे सरकता ते पेपर सोडवून झाल्यावर. उदाहरणं मी मुख्यतः आयईएलटीएस ॲकॅडेमिकची, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या प्रवेशासाठी द्यायच्या इंग्रजी परीक्षेची, देते, कारण तिच्या वाचनाच्या पेपरचं स्वरूप बहुतेकांना माहीत असतं: तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. साधारण २३ उत्तरं बरोबर आली तर ६ बँड, म्हणजे नऊपैकी सहाची श्रेणी, मिळतो आणि ३० आली तर ७. म्हणजे त्या विद्यार्थिनीला हवे होते फक्त सहा-सात प्रश्न. आणखी एकोणीस पेपर सोडवून ते मिळाले नसते.

उत्तरं लगेच तपासू नका

वेळ संपली की हात आपोआप उत्तरसूचीकडे जातो. तिथेच थांबा. पेन बदला, घड्याळ बाजूला ठेवा आणि तेच ४० प्रश्न निवांतपणे पुन्हा सोडवा. तास लागो, दीड तास लागो. शब्दकोश मात्र अजून उघडायचा नाही. दोन्ही वेळची उत्तरं शेजारी शेजारी लिहा आणि मगच उत्तरसूची पाहा.

जी उत्तरं घाईत चुकली पण निवांतपणे बरोबर आली, तिथे तुमचं इंग्रजी पुरेसं आहे. वेग, लक्ष किंवा वेळेची वाटणी कमी पडली. जी दोन्ही वेळा चुकली, तिथे भाषेची किंवा तर्काची खरी अडचण आहे. आणि जी घाईत बरोबर आली पण निवांतपणे चुकली, ती नशिबाने मिळालेली होती. ती कच्चीच धरा.

त्या विद्यार्थिनीचे दुसऱ्या फेरीत २४ चे ३१ झाले. सात प्रश्न नुसत्या घाईने जात होते. उरलेल्या नऊपैकी सहा एकाच प्रकारचे होते: ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन, म्हणजे दिलेलं विधान उताऱ्यानुसार खरं आहे, खोटं आहे की उताऱ्यात त्याबद्दल काही म्हटलेलंच नाही ते सांगायचं. 'माझं वाचन कच्चं आहे' एवढंच तिला तोवर वाटत होतं, आणि त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. एका प्रकारच्या सहा प्रश्नांवर मात्र लगेच काम सुरू करता येतं.

दोन्ही वेळा चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली तीन गोष्टी लिहा. उत्तर उताऱ्यातल्या कोणत्या वाक्यात होतं, त्या वाक्याचा मी काय अर्थ घेतला, आणि कोणत्या शब्दापाशी घसरले. तिसरी गोष्ट लिहिताना बोट त्या शब्दावर ठेवता आलं पाहिजे. 'नीट वाचलं नाही' हे कारण धरू नका. त्यातून उद्या काय बदलायचं ते कळत नाही.

ओळखीचा शब्द दिसला की उत्तर सापडलं असं वाटणं

समजा, उताऱ्यात असं म्हटलं आहे: कारखान्याच्या मालकांनी सुरुवातीला नव्या यंत्रांना विरोध केला, कारण कामगारांना प्रशिक्षण द्यायचा खर्च त्यांना झेपणारा वाटत नव्हता. प्रश्न आहे, मालक का कचरत होते? एक पर्याय, कामगारांचा यंत्रांना विरोध होता. दुसरा पर्याय, माणसं तयार करण्यावर पैसा घालायची त्यांची तयारी नव्हती.

पहिल्या पर्यायात 'कामगार', 'यंत्र', 'विरोध' हे तिन्ही शब्द उताऱ्यातले आहेत. दुसऱ्यात उताऱ्यातला एकही महत्त्वाचा शब्द नाही. बरोबर आहे दुसरा. प्रश्न काढणारे हे जाणूनबुजून करतात: चुकीच्या पर्यायाला उताऱ्याचे शब्द देतात आणि बरोबर पर्यायाचा अर्थ वेगळ्या शब्दांत मांडतात. त्यामुळे शब्दाला शब्द जुळवत गेलात तर जितकं मन लावून शोधाल तितकं जास्त चुकाल.

यावर एक सराव खरोखर उपयोगी पडतो. तपासून झालेल्या पेपरातले बरोबर पर्याय घ्या आणि उताऱ्यातल्या कोणत्या शब्दाच्या जागी पर्यायात काय आलं याच्या जोड्या लिहा. 'कॉस्ट'च्या जागी 'एक्स्पेन्स' ही साधी जोडी झाली. 'डिक्लाइन्ड शार्पली' असलेलं पर्यायात 'नो लाँगर कॉमन' होऊन येतं, ती अवघड जोडी. अशा शंभरेक जोड्या स्वतःच्या हाताने लिहिल्या की डोळा बदलतो. समानार्थी शब्दांच्या तयार यादीतून हे साधत नाही, कारण परीक्षेत बहुतेक वेळा अख्ख्या वाक्याचीच मांडणी बदललेली असते.

दोन-तीन अक्षरांचे शब्द

मोठ्या, अवघड शब्दांची सगळ्यांना धास्ती असते, आणि गुण जातात ते लहान शब्दांपायी. 'फ्यू रिसर्चर्स' म्हणजे जवळपास कुणीच संशोधक नाहीत. 'अ फ्यू रिसर्चर्स' म्हणजे काही संशोधक आहेत. एका 'अ'ने वाक्याचा कल उलटतो. 'ऑल बट इम्पॉसिबल' म्हणजे जवळजवळ अशक्य. 'एनीथिंग बट इम्पॉसिबल' म्हणजे मुळीच अशक्य नाही. 'हार्डली' हा 'नाही'कडे झुकणारा शब्द आहे. त्याचा 'हार्ड'शी, म्हणजे मेहनतीशी, काही संबंध नाही. 'फेल्ड टू नोटिस'मध्ये 'नॉट' कुठेच नाही, तरी अर्थ 'लक्षात आलं नाही' असाच आहे.

'मे', 'टेंड टू', 'लार्जली', 'अपिअर्स टू' हे शब्दही असेच डोळ्यांखालून निसटतात. विद्यापीठीय लेखनात लेखक दावा किती जोराने करतो आहे ते या शब्दांत असतं. 'हे औषध उपयोगी ठरू शकतं' आणि 'हे औषध उपयोगी आहे' यांतला फरक सोडून दिला, तर पर्यायांमधल्या 'ऑलवेज' आणि 'ओन्ली'ला तुम्ही हमखास फसाल.

नॉट गिव्हन म्हणजे 'मला सापडलं नाही' असं समजणं

आधी सांगितलेले सहा प्रश्न इथेच अडले होते. उदाहरण घेऊ. उताऱ्यात आहे: शहरातली वटवाघळं कमी झाली आहेत, संशोधकांच्या मते त्याला अनेक कारणं आहेत आणि रस्त्यावरचे दिवे हे त्यांतलं एक. पहिलं विधान: संशोधकांच्या मते या घटीला फक्त दिवेच जबाबदार आहेत. हे फॉल्स, कारण उतारा 'अनेक कारणं' म्हणतो आणि 'फक्त' त्याच्याशी उघड भांडतं. दुसरं विधान: दिव्यांमुळे झालेलं नुकसान बाकी कारणांपेक्षा मोठं आहे. हे नॉट गिव्हन. दिव्यांचा उल्लेख आहे, कारणांचाही आहे, पण त्यांची तुलना उताऱ्याने केलेलीच नाही.

फॉल्स लिहिण्याआधी उताऱ्यातले नेमके कोणते शब्द या विधानाला खोटं पाडतात ते अधोरेखित करून पाहा. अधोरेखित करायला काहीच हाती लागत नसेल तर फॉल्स लिहू नका. या एका सवयीने त्या विद्यार्थिनीचे सहापैकी चार प्रश्न सुटायला लागले. विषय ओळखीचा असेल तेव्हा जास्त सावध राहा, कारण मग उताऱ्यात नसलेलं आपण स्वतःच्या माहितीतून भरून टाकतो. जीवशास्त्राची मुलं जीवशास्त्राच्या उताऱ्यात चुकताना मी पाहिली आहेत.

लांब वाक्यात क्रियापद चुकणं

हे वाक्य पाहा: 'द मेथड्स दॅट एंजिनिअर्स डेव्हलप्ड टू प्रोटेक्ट ब्रिजेस फ्रॉम विंड हॅव सिन्स बीन अप्लाइड टू टॉल बिल्डिंग्ज.' मराठी मनाला आधी भेटतं 'डेव्हलप्ड', आणि अर्थ लागतो: अभियंत्यांनी पुलांसाठी पद्धती शोधल्या. मग उंच इमारती कुठून आल्या तेच कळत नाही. वाक्याचं मुख्य क्रियापद आहे 'हॅव बीन अप्लाइड'. सांगायची गोष्ट इमारतींची आहे. पूल मागची हकीकत म्हणून आले आहेत.

मराठीत आपण 'वाऱ्यापासून पूल वाचवण्यासाठी अभियंत्यांनी शोधलेल्या पद्धती' असं सगळं विशेषण नामाच्या आधी ठेवतो आणि क्रियापद अगदी शेवटी. इंग्रजीत नाम आधी येतं, त्याचा पसारा मागून येतो आणि त्यानंतर मुख्य क्रियापद. म्हणून मनातल्या मनात शब्दामागून शब्द मराठी करत गेलं की अशा वाक्यात गाडी रुळावरून घसरते. रोज पाच लांब वाक्यं घ्या. 'कोण' आणि 'काय केलं' या दोन जागांखाली रेघ मारा, बाकीचं कंसात टाका. तीन-चार आठवड्यांत कंस न काढताच दिसायला लागतात.

प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थांबणं

शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली दाखवलं की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर पुरेसा कळायला बहुतेकांना त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. त्यांचा प्रयोग कथेच्या मजकुरावर होता, पण त्यावरून एक हिशेब करता येतो. ९०० शब्दांच्या उताऱ्यात दोन टक्के म्हणजे १८ शब्द. म्हणजे चांगली तयारी झालेल्या माणसालाही एका उताऱ्यात दीड डझन अनोळखी शब्द भेटणारच. ते भेटले म्हणून घाबरायचं कारण नाही. एखादी वनस्पती, अवजार किंवा खडक असेल तर 'काहीतरी वस्तू' म्हणून पुढे जा.

मात्र अनोळखी शब्द १८ ऐवजी ८० असतील तर कोणतीही युक्ती कामाची नाही, शब्दसंग्रहच वाढवायला हवा. त्यासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुळांची (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट, म्हणजे विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी, चांगली सुरुवात आहे. ती पाठ मात्र करू नका. रोज आठ-दहा शब्द घ्या आणि ते वाचनात भेटले की ते वाक्य वहीत उतरवा.

'उतारा वाचायला वेळच नसतो'

हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर तळमळीने बोलावंसं वाटतं. उतारा वाचू नका, थेट प्रश्नांवर जा आणि उत्तरं हुडका, असं सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. तिन्ही उतारे मिळून जास्तीत जास्त २७५० शब्द असतात. वाचनाचे संशोधक मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली १९० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा इंग्रजीतला माहितीपर मजकूर मनातल्या मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला. तुमचा वेग त्याच्या निम्मा, म्हणजे १२० धरला, तरी तिन्ही उतारे एकदा सलग वाचायला २३ मिनिटं लागतात. प्रश्नांसाठी ३७ मिनिटं उरतात.

अनेकांचा वेळ वाचण्यात जातच नाही. न वाचता शोधाशोध करण्यात जातो. उताऱ्याचा नकाशा डोक्यात नसतो, म्हणून प्रत्येक प्रश्नासाठी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात होते. प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर समासात मराठीत दोन शब्द लिहा, 'जुनी पद्धत', 'टीका', 'नवा प्रयोग'. परिच्छेदांना शीर्षकं जुळवण्याचे प्रश्न तर यातच अर्धे सुटतात.

आणि वेग मिनिटाला ८० शब्दांच्या आसपास असेल तर तो पेपर सोडवून वाढणार नाही. रोज अर्धा तास तुम्हाला सोपं वाटणारं इंग्रजी भरपूर वाचा. त्यावर प्रश्न नकोत, शब्दकोश नको. अवघड वाचूनच प्रगती होते या समजापायी बरेच जण हे टाळतात आणि वेग तिथेच राहतो.

किरकोळ दिसणाऱ्या, पण गुण खाणाऱ्या गोष्टी

जास्तीत जास्त दोन शब्द लिहा असं सांगितलेलं असताना तीन लिहिले तर उत्तर चूक. उताऱ्यातून उतरवलेल्या शब्दाचं स्पेलिंग चुकलं तरी चूक. कागदावरच्या परीक्षेत वाचनाची उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, तेव्हा तासाभरातच ते काम धरा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडू नका. ट्रू-फॉल्सची उत्तरं उताऱ्यात क्रमाने येतात. कोणती माहिती कोणत्या परिच्छेदात आहे हे विचारणारे प्रश्न मात्र क्रमाने नसतात, ते त्या उताऱ्यातल्या बाकी प्रश्नांनंतर घ्या.

परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची असेल तर सरावही स्क्रीनवरच करा. कागदावर पेन्सिल फिरवत वाचायची सवय झालेल्याला स्क्रीनवर हात बांधल्यासारखं वाटतं, आणि शब्द रंगवण्याची सोय असूनही ती वापरणं ऐनवेळी सुचत नाही. पेपर आठवड्याला एकच सोडवा, पण दोन्ही फेऱ्यांसकट. राहिलेले दिवस त्याच पेपरातल्या चुकांना, लांब वाक्यांना आणि त्या अर्ध्या तासाच्या सोप्या वाचनाला द्या.