जुन्या प्रसंगचित्राची नक्कल करत तैलरंग कसे शिकावेत

तैलरंग हाताळायला शिकायचे असेल तर एखादे जुने प्रसंगचित्र समोर ठेवून त्याची नक्कल करावी. रचना, उजेड, माणसांच्या बैठकी हे सारे चित्रकाराने आधीच सोडवून ठेवलेले असते. आपले लक्ष पूर्णपणे रंगावर राहते.

चित्र निवडताना उजेड एकाच बाजूने येतो ना, एवढे बघा. मी फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचे ‘सॉक्रेटिसचा मृत्यू’ (१७८७) सुचवेन. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची मोठी, सुस्पष्ट प्रतिमा मोफत मिळते. मूळ चित्र जवळपास १३० × १९६ सेंमी आणि माणसांनी भरलेले आहे, त्यामुळे सगळे काढायच्या फंदात पडू नका. सॉक्रेटिस आणि त्याच्यापुढे विषाचा पेला धरून तोंड फिरवलेला, लाल वस्त्रातला तरुण, एवढा तुकडा घ्या. उघडे अंग, पांढरे कापड, लाल कापड आणि करडी भिंत त्यात एकत्र मिळतात.

प्रतिमेवर आणि कॅनव्हासवर सारख्याच संख्येने चौकोन आखा आणि चारकोलने रेखाटन करा. सॉक्रेटिसचा हात पेल्यापर्यंत आला आहे, पण त्याने तो अजून धरलेला नाही. सगळा प्रसंग त्या फटीत आहे. म्हणून आधी फटीचा आकार काढा, मग बोटे.

आता रंग, पण एकच. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे लावा आणि उजेडाच्या जागा चिंधीने पुसून काढा. डोळे किलकिले करून मूळ चित्र बघा, बारकावे विरून गडद-उजळ भागांचे मोठे आकार उरतात. शंका आली तर दोन्हींचे कृष्णधवल फोटो शेजारी ठेवा. इथे घाई केली की पुढचा कुठलाही रंग चित्राला वाचवत नाही. हा थर चांगला वाळू द्या.

पुढे टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड आणि आयव्हरी ब्लॅक घ्या. निळ्याची गरज नाही, कारण काळा-पांढरा मिसळून होणारा करडा रंग उबदार रंगांशेजारी निळसरच दिसतो. अंगाच्या छटांमध्ये तो थोडा घालून बघा. लाल वस्त्र उजळायला पांढरा घातलात तर ते गुलाबी पडते, त्याऐवजी ऑकर वापरा. चुण्यांच्या खोल सावल्यांना बर्न्ट अंबर. पांढऱ्या वस्त्रात शुद्ध पांढरा अगदी शेवटी, मोजक्या जागी.

एक नियम मात्र मोडू नका. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरच्या प्रत्येक थरात जवसाचे तेल थोडे जास्त. उलट केले तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात.

खिडक्या उघड्या ठेवूनच काम करा. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. त्या वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

नेहमीचे व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने लावा. कॅनव्हासच्या मागे ‘दाविदच्या चित्रावरून’ असे लिहून मगच आपली सही करा.