‘बघतो, सांगतो’ म्हणणाऱ्या पार्टीला एका टेबलावर कसं आणायचं

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: प्रत्येक प्लेअरचं एक कॅरेक्टर, त्यांची मिळून पार्टी, आणि अनेक सेशन चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन. आमच्या कॅम्पेनमधला ड्रॅगन अकरा आठवडे गुहेच्या तोंडाशी तसाच उभा होता. इनिशिएटिव्ह (लढाईत कोणाची पाळी आधी ते ठरवणारे फासे) रोल करून झालेलं, पहिली पाळी रोगची, म्हणजे चोराची भूमिका करणाऱ्याची, आणि उशीर झाला म्हणून ‘पुढचं पुढच्या वेळी’ असं म्हणत आम्ही उठलो. ती पुढची वेळ काही येईना. बाराव्या आठवड्यात एकदाचे जमलो, तर क्लेरिकला (पुजाऱ्याची भूमिका) आपले किती स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, उरलेत ते आठवेना आणि मला, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या खुद्द डीएमला, ड्रॅगन मुळात चिडला का होता तेच आठवेना.

त्या फजितीनंतर ग्रुपवरचे जुने मेसेज वर सरकवत वाचले. सगळीकडे हेच (नावं ज्याच्या त्याच्या भूमिकेची):

मी: या शनिवारी?
फायटर: चालेल.
वॉरलॉक: शनिवारी नाही, रविवारी करू या?
रोग: बघतो, सांगतो.
विझर्ड: (नुसता अंगठा. शनिवारला की रविवारला, देव जाणे.)

तेव्हा पहिलं काम म्हणजे ‘सगळ्यांना कधी जमेल?’ असं विचारणं बंद करा. हिशोबच करून बघा ना. पाच प्लेअर आहेत आणि प्रत्येकाला एखादी तारीख जमण्याची शक्यता ८० टक्के धरली, तर पाचही जण एकाच दिवशी येण्याची शक्यता निघते जेमतेम ३३ टक्के. चार जण आले तरी खेळायचं असं ठरवलं की तीच होते ७४. तीन पुरे म्हटलं की ९४. खऱ्या आयुष्यात अडचणी अशा सुट्या सुट्या येत नाहीत, सगळ्यांच्या एकदमच येतात, पण मुद्दा कळला असेल.

म्हणून आमचे दोनच नियम. दिवस ठरलेला: एका शनिवाराआड, साडेसहा ते साडेनऊ. आणि डीएमसोबत तीन प्लेअर आले की खेळ होणार. तारीख विचारायची नाही, न जमणाऱ्याने कळवायचं. गप्प बसला तो येणार असं धरायचं.

पण तीन जणांत खेळायचं तर गैरहजर कॅरेक्टरचं काय, हे आधी ठरवून टाका. आमच्याकडे ते मागे थांबून सामानाची राखण करतं. मरत नाही, त्याचं काही चोरीला जात नाही, आणि लेव्हल सगळ्यांची एकदमच वाढते. सुरुवातीला मी गैरहजर माणसाला एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, देत नव्हतो. मूर्खपणा होता तो. दोन लेव्हल मागे पडलेला माणूस पुढच्या वेळी यायला आणखीच कंटाळतो.

दुसरा बदल मला माझ्यातच करावा लागला. सेशन ऐन लढाईत तोडायचं नाही. उत्कंठा ताणून धरायला मलाही आवडतं, पण लढाईत अडकलेल्या पाच जणांना पुढच्या वेळी तेच पाच जण लागतात. हल्ली नऊ वाजले की मी नवीन लढाई काढतच नाही. पार्टीला गावात, धर्मशाळेत, निदान शेकोटीपाशी आणून सोडतो. तिथून पुढे कोणीही तीन निघू शकतात.

एखाद्याची पाळीची नोकरी असेल आणि ठरलेला दिवस शक्यच नसेल, तर पोल घ्या. पण तारखा तीनच द्या. सात दिलेल्या पोलमध्ये मी सातही तारखांना दोन-दोन मतं पडलेली पाहिली आहेत. मुदत दोन दिवसांची. इथे मात्र उलटं: गप्प बसला तो मोजायचा नाही.

आठवण करून द्यायचं काम डीएमने घेऊ नये. गोष्ट रचा, नकाशे काढा, वर पुन्हा लोकांच्या मागे लागा, याने माणूस थकतो. आमची वॉरलॉक गुरुवारी मेसेज टाकते: वेळ, मागच्या सेशनची एक ओळ, आणि ‘येणार की नाही’. ‘बघतो’ हे उत्तर ती चालवून घेत नाही.

ऑनलाइन खेळत असाल आणि कोणी परदेशात असेल, तर मार्च महिना जपून. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे अमेरिका आणि युरोपमधल्या वेळेचं नेहमीचं गणित एका तासाने चुकतं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर टाइमस्टॅम्प टाकला की प्रत्येकाला वेळ आपापल्या घड्याळाप्रमाणे दिसते. तोच वापरा.

इतकं करूनही जमत नसेल तर कॅम्पेनचा साचाच बदला. बेन रॉबिन्स यांच्या ‘वेस्ट मार्चेस’ या कॅम्पेनमध्ये ठरलेला दिवस नव्हता, ठरलेली पार्टीही नव्हती. प्लेअरच आपसात जमवाजमव करत, कुठे जायचं ते ठरवत आणि डीएमला सांगत. १९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तिकेत तर एका कॅम्पेनला चार ते पन्नास प्लेअर चालतील असं छापलंय. दर वेळी पन्नासच्या पन्नास येतील असं तेव्हाही कोणी धरलं नसणार.

राहता राहिला सारखा दांडी मारणारा. त्याला ग्रुपवर टोमणे मारू नका, बाजूला घेऊन विचारा. आमच्या फायटरला रात्रपाळी लागली होती आणि ते सांगायचं त्याला अवघड वाटत होतं. मग त्याचं कॅरेक्टर आम्ही एका किल्ल्याचा किल्लेदार करून टाकलं. आता तो तीन महिन्यांतून एकदा येतो, खलनायकाचा भाचा म्हणून खेळतो, आणि त्या रात्री पार्टीचा पैसा हमखास चोरीला जातो.