नरक्या दिसला तर नोंद कशी करायची

आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर ह्या भागात फिरणारे आपण नरक्याला घासून गेलेलो असतो पण ओळखत नाही, कारण दिसायला काही खास नाही, मोठं झुडूप किंवा फार तर लहान झाड. पानं रुंद, लांब देठाची, फांदीच्या टोकाला गोळा झालेली. पान देठाला जुळतं तिथे नीट बघा, दोन्ही बाजू बरेचदा सारख्या नसतात, एक जरा खाली उतरलेली असते. खात्री करायची तर पडलेलं ताजं पान चुरगाळून हुंगा, मग पुढचा ट्रेकभर बोटं नाकाजवळ नेणार नाही. पावसाळ्यात पिवळट फुलांचे गुच्छ येतात, त्यांनाही वास मारतो, म्हणून काही ठिकाणी घाणेरा म्हणतात. घाणेरी म्हणजे टणटणी, ती वेगळी आणि ती तर बाहेरून आलेली, ह्या नावाने दरवेळी घोळ होतो.

घाटात हा खाली केरळ-तमिळनाडूपर्यंत आहे, श्रीलंकेत आणि ईशान्य भारतातही आहे, त्यामुळे नकाशा बघून वाटतं की भरपूर असेल. पण ह्याच्यात कॅम्पटोथेसिन नावाचं रसायन असतं, १९६६ साली ते चिनी झाडात सापडलं, १९७२ ला आपल्या नरक्यात, आणि त्यावरून टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं आली. मग काय, तोडायचं, तुकडे करायचे, पोती भरायची.

म्हणून मोजताना मोठी झाडं, रोपं आणि तोडलेले बुंधे असे तीन वेगळे आकडे लिहा. बुंध्याला धुमारे फुटतात, पाच धुमारे म्हणजे पाच झाडं नाहीत, एकच. सोबत तारीख, उंची, फूल-फळ होतं का, आणि आत दाट रान की कडेचं, एवढं पुरे.

आता लोकेशन. मी एकदा पत्ता छापणाऱ्या कॅमेरा अॅपने काढलेला फोटो हौसेने ट्रेकच्या ग्रुपवर टाकला, अक्षांश-रेखांश सगळं फोटोवरच, डिलीट करेपर्यंत कुठे कुठे फॉरवर्ड झाला देव जाणे. तो शिक्का बंद करा, आयनॅचरलिस्टवर (झाडं-प्राण्यांच्या नोंदी टाकायचं अॅप) टाकताना जिओप्रायव्हसीत ‘ऑब्स्क्युअर्ड’ निवडा, म्हणजे नेमकी जागा दिसत नाही, आणि वर्णनात पाणवठ्याचं, देवराईचं नाव लिहू नका, नाहीतर लपवून उपयोग काय.

ताजी तोड किंवा पोती दिसली तर हटकायला जाऊ नका, गुपचूप बाहेर या, रेंज मिळाली की वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, गाडीचा नंबर दिसला असेल तर तोही सांगा.