पुरात दहा संस्था येतात, त्यांचं काम जुळवायचं कसं

कोल्हापूर-सांगलीकडच्या पुरात मदत कमी पडते असं नाही ओ, ती रस्त्याकडेच्या गावातच उतरते, आणि आत नदीकाठाला लोक वाट बघत बसतात.

सगळ्यात आधी एक माणूस तहसील ऑफिसला बसवा, फोनवर भागत नाही. तलाठी-ग्रामसेवकांचे आकडे तिथंच येतात, आणि 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचे प्रमुख कलेक्टरच असतात, म्हणजे त्यांना डावलून काही होणार नाही.

मग सगळ्या संस्थांची मिळून एकच शीट करायची. गाव, निवारा केंद्र, माणसं, तान्ही पोरं, गुरं, काय पाहिजे, कोण देतंय, कधी पोचलं. "पोचलं" हे गाडीवाल्यानं नाही, गावातल्या माणसानं कळवल्यावरच लिहायचं, नाहीतर शीटवर सगळीकडं जेवण पोचलेलं असतं आणि केंद्रात पोरं बिस्किटावर. आकडेही नीट मांडा. समजा शाळेत 200 माणसं आहेत, तर स्फिअरच्या, म्हणजे आपत्तीतल्या मदतीच्या आंतरराष्ट्रीय निकषानं माणशी 15 लिटर म्हणजे रोज 3000 लिटर पाणी आणि 20 जणांना एक म्हणजे 10 संडास लागतात, आता शाळेत किती असतात ते बघा, मग बाटल्यांचे बॉक्स घेऊन येणाऱ्याला टँकर नाहीतर फिरते संडास द्या म्हणून सांगता येतं.

वाटणी कशी करायची? यूएनवाले 2005 पासून कामानुसार करतात, पाणी एकाकडं, निवारा दुसऱ्याकडं. तालुक्यापुरतं मला तरी एक गाव एक संस्था हेच बरं वाटतं, फक्त औषधपाणी सगळीकडं पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाताखाली ठेवा, लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातनं होणारा ताप) गोळ्या प्रत्येकानं आपापल्या मनानं वाटायच्या नाहीत.

2019 च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला पुण्याचा हायवेच बंद होता, त्यामुळं पुण्याकडनं येणारा माल आधी कराडला उतरवून घ्या आणि रस्ता विचारून मगच गाडी सोडा. जुने कपडे नको म्हणून तोंडावर सांगा, वाईट वाटलं तर वाटू दे, वैरण आणि सॅनिटरी पॅड मागा. बोटीचं काम एनडीआरएफचं, हौशी पोरांना पाण्यात सोडू नका, 2019 ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटून लोक बुडून गेले ते सगळ्यांना माहितीय.

आणि शीटमधे अजून एक रकाना ठेवा, "किती दिवस थांबणार". पाणी उतरलं की फोटो काढून बरेच जण जातात, आणि खरा चिखल तेव्हाच काढायचा असतो, खराटे, फावडी, जंतू मारायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर तेव्हाच लागते, त्यामुळं उशिरा फोन करणाऱ्या संस्थांना "आत्ता नको, पुढच्या आठवड्यात या" म्हणून तारीखच देऊन टाका.