हॉटेलात जेवताना कॅलरी मोजायच्या तर आधी तेल मोजा

घरी पोळ्या मोजलेल्या असतात, भाताची वाटी ठरलेली असते आणि फोडणीचा चमचा आपल्याच हातात असतो. हॉटेलात पोळी आणि भात समोर दिसतात, पण तेल दिसत नाही, आणि हिशेब चुकतो तो नेमका तिथेच. एक ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून साधारण ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेला-तुपातून ९. रोटीच्या आकाराचा अंदाज थोडा चुकला तर २०-३० कॅलरींचा फरक पडतो. भाजीतल्या तेलाचा अंदाज दोन मोठ्या चमच्यांनी चुकला तर जवळजवळ २५० कॅलरींचा. म्हणून ताट समोर आलं की पहिला प्रश्न ‘यात तेल-बटर किती असेल?’ हा विचारायचा. बाकीचं सोपं आहे.

आधी स्वतःचा आकडा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २११० आणि ५५ किलोच्या स्त्रीला १६६० कॅलरी लागतात. वजन कमी करायचं असेल तर यातून ३०० ते ५०० वजा करा. मग हॉटेलातलं ९०० कॅलरींचं एक जेवण तुमच्या दिवसात किती जागा खातं ते लगेच कळतं. त्या ५५ किलोच्या स्त्रीसाठी ते निम्म्या दिवसाहून जास्त आहे. बाकीचा दिवस हलका ठेवा, पण उपाशी राहून हॉटेल गाठू नका. भुकेल्या पोटी पहिल्या दहा मिनिटांत पापड, स्टार्टर आणि बटर नान यांवरच ताबा सुटतो.

गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, इन्शुलिन घेणारे मधुमेही आणि खाण्याच्या विकारातून गेलेली माणसं यांनी हे आकडे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वापरू नयेत.

मेनूवर आकडा छापलेला असेल तर

दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या किंवा केंद्रीय परवाना असलेल्या हॉटेलांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी देणं एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाने बंधनकारक आहे. १ जुलै २०२२ पासून हा नियम लागू झाला. त्यामुळे मोठ्या साखळीतल्या पिझ्झा, बर्गर, कॉफीच्या दुकानांत आकडा आयता मिळतो. तो वाचताना शेजारचं ‘सर्व्हिंग’ किती ग्रॅमचं आहे ते पाहा. एका प्लेटमध्ये दोन सर्व्हिंग असतील तर आकडा दुप्पट करायचा. वरून मागवलेलं चीज, मेयोनीज, कोल्ड्रिंक त्या आकड्यात नसतं.

कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलाला किंवा खानावळीला हा नियम लागत नाही. तिथे आपला अंदाजच कामाला येतो.

भांड्यांची ओळख

घरी एकदाच अर्धा तास द्या. किचनचा वजनकाटा घ्या आणि घरातल्या वाट्या, डाव, चमचे पाण्याने भरून वजन करा. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली. १०० आणि १५० मिलीची वाटी डोळ्यांत बसली की हॉटेलातली वाटी तिच्याशी ताडून पाहता येते. थाळीतली वाटी बहुधा १०० मिलीच्या आसपास भरते. तांब्याच्या तळाच्या छोट्या हंड्या फसव्या असतात, कारण त्यांना दुहेरी भिंत असते आणि दिसतात त्यापेक्षा त्यांत कमी मावतं. तिथे किती डाव ताटात आले ते मोजा.

तीन मापं पाठ असू द्या. जेवणाचा साधा चमचा साधारण १० मिलीचा असतो, तो भरून तेल म्हणजे ८० कॅलरी. १५ मिलीचा मोठा चमचा भरून तेल म्हणजे १२०. आणि १० ग्रॅमची बटरची छोटी वडी ७२.

मिसळ सुटी करून पाहू

मिसळीसारखा पदार्थ ‘एक प्लेट’ म्हणून मोजला की हमखास चुकतो. तिचे भाग वेगळे करा.

मटकीची उसळ: कोरडी मटकी ४० ग्रॅम आणि थोडा बटाटा, मिळून १५० कॅलरी.
फरसाण: ५० ग्रॅम. फरसाणाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ५५० च्या आसपास आकडा असतो, म्हणून इथे २७५.
उसळीतलं आणि तर्रीतलं तेल: २५ मिली धरलं तर २०५.
दोन लादीपाव: प्रत्येकी १०५, म्हणजे २१०.

बेरीज ८४०. कांदा, लिंबू, कोथिंबीर सोडून द्या. दोन चमचे दही घातलं तरी फार तर पंधरा-वीस कॅलरी वाढतात.

खरी गोची यानंतर होते. वेटर सॅम्पल, म्हणजे जादा रस्सा, घेऊन फिरत असतो आणि आपण वाटी पुढे करतो. वरवरची तर्री पडली तर त्या एका वाटीतून मोठा चमचाभर तेल सहज येतं, म्हणजे १२०. तिच्यासोबत तिसरा पाव, १०५. आकडा हजाराच्या पुढे गेला, आणि नोंदीत मात्र ‘मिसळ, एक प्लेट’ एवढंच उरतं.

तेल किती आहे ते पाहायचं असेल तर मिसळ कालवण्याआधी मिनिटभर थांबा. लाल थर वर जमतो. चमचा आडवा धरून तो अलगद उचला आणि रिकाम्या वाटीत काढा. किती चमचे निघाले ते मोजा आणि प्रत्येकी ८० धरा. एका मिसळीवर हे केलंत की नंतर नुसत्या नजरेने अंदाज येतो. फरसाण वेगळं मागवून निम्मंच घातलं आणि रस्सा वरून न घेता खालून ढवळून घ्यायला सांगितला, तर तीच मिसळ सहाशेच्या जवळपास बसते. चव फारशी कमी होत नाही.

पंजाबी ग्रेव्ही: इथे तेल वर येत नाही

मिसळीचं तेल निदान दिसतं. पनीर बटर मसाल्यात तर्री नसते, म्हणून ती भाजी हलकी वाटते. काजूची पेस्ट आणि क्रीम यांच्यामुळे बटर ग्रेव्हीत मिसळून राहतं, वर तरंगत नाही. ग्रेव्ही जितकी गुळगुळीत आणि फिकट केशरी, तितका आकडा वर धरा.

एका फुल प्लेटचा साधारण हिशेब असा. पनीर १२० ग्रॅमचे ३५०, बटर २० ग्रॅमचे १४५, तेल मोठा चमचाभर १२०, क्रीम ३० मिलीचे ७०, काजू २० ग्रॅमचे ११५, कांदा-टोमॅटो आणि चिमूटभर साखर मिळून ६०. एकूण ८६०. दोघांत वाटली तर प्रत्येकी ४३०. पण वाटणी खरोखर निम्मी झाली का ते प्रामाणिकपणे पाहा. पनीरचे तुकडे मोजणं हा त्याचा सगळ्यात सोपा उपाय.

सोबत काय घेता यावर पुढचं ठरतं. बटर न लावलेली तंदुरी रोटी १५० च्या आसपास, बटर नान ३०० च्या. दोन रोट्या की दोन नान, एवढ्या एका निवडीत ३०० कॅलरींचा फरक आहे. अर्धी प्लेट जिरा राइस २५०. ऑर्डर देतानाच ‘रोटीला बटर लावू नका’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘साधी रोटी’ म्हटलं तर काही ठिकाणी रोटी साधी येते, पण वरून ब्रश फिरवलेला असतो. भाजीसाठी ‘वरून बटर-क्रीम नको’ हे ऐकलं जातं. ‘कमी तेलात करा’ हे बहुधा होत नाही, कारण तयार ग्रेव्ही सकाळीच बनवून ठेवलेली असते आणि तिच्यातलं तेल आता कोणी काढू शकत नाही. म्हणून ग्रेव्हीची एक आणि तंदूरमधली किंवा डाळीची एक डिश मागवणं जास्त उपयोगाचं.

बाकीचे नेहमीचे पदार्थ

इडली हा बाहेरच्या खाण्यातला सगळ्यात प्रामाणिक पदार्थ म्हणायला हरकत नाही. एका इडलीला ७० ते ८०, आणि आकडा फारसा हलत नाही. मेदूवडा एकाला १५० ते १८०. मसाला डोसा बटर किंवा तेल धरून ४००, आणि खोबऱ्याची चटणी व सांबार संपवलं तर ५५० च्या पुढे. चटणी मोजायची राहून जाते. ओल्या नारळाची अर्धी वाटी चटणी १०० कॅलरींच्या आसपास असते.

वडापाव ३०० ते ३५०. बिर्याणीची एक भरलेली प्लेट ९०० धरावी, कारण भात, तेल-तूप आणि तळलेला कांदा तिन्ही तिच्यात असतात.

उपवासाच्या पदार्थांबद्दल मोठा गैरसमज आहे. हॉटेलातल्या साबुदाणा खिचडीच्या प्लेटमध्ये कोरडा साबुदाणा ६५ ग्रॅम (२३०), दाण्याचं कूट २५ ग्रॅम (१४०), तूप १५ ग्रॅम (१३५) आणि बटाटा (३०) असं धरलं तर ५३५ होतात. म्हणजे ते पूर्ण जेवणच आहे.

कोल्हापुरी थाळीत भाकरीकडे लक्ष द्या. ज्वारीची मोठी भाकरी ८० ग्रॅम पिठाची असते आणि तिच्यात २७५ कॅलरी असतात. आरोग्यदायी म्हणून तीन खाल्ल्या तर त्याच आठशेवर जातात. तांबड्या रश्श्यावर तेल दिसतं, ते मिसळीसारखं मोजा. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, ते दिसत नाही, म्हणून ‘नुसतं सूप आहे’ असं समजून वाट्यांमागून वाट्या घेऊ नका. अनलिमिटेड थाळीत वाढपी परत आला की पदार्थ मोबाइलमध्ये लगेच टिपा. जेवणानंतर आठवून लिहिलेल्या यादीत दुसरी वाढ कधीच नसते.

पेयांत साखर मोजायची. ५ ग्रॅमचा चमचा म्हणजे २० कॅलरी. गोड लस्सीचा मोठा ग्लास ३००, कटिंग चहा ५० ते ६०. ६० मिली व्हिस्की १४०, पाच टक्के अल्कोहोलची ६५० मिली बिअर २६०. चखण्याचे ५० ग्रॅम खारे शेंगदाणे ३००, म्हणजे पेल्यापेक्षा वाटी भारी.

अॅपमध्ये नोंद करताना

अॅपमध्ये ‘पनीर भाजी, १ वाटी, १८०’ अशी नोंद सापडते. ती कोणीतरी घरच्या भाजीची टाकलेली असते, हॉटेलच्या भाजीला ती लावू नका. भात कच्चा की शिजलेला ते पाहा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाला ३५० लागतात, शिजलेल्या भाताला १३०. इथली गल्लत आकडा जवळजवळ तिप्पट करते किंवा तिसऱ्या हिश्शावर आणते. पदार्थाची नोंद सापडली नाही तर त्याचे भाग टाका: पीठ, डाळ किंवा पनीर, आणि तेल वेगळं. एकूण आकडा वरच्या ५० ला पूर्ण करा. ‘७८३’ लिहिण्याइतकी अचूकता अंदाजात नसते, ८०० लिहा.

पार्सलवर सराव

ज्या हॉटेलात वारंवार जाता तिथली नेहमीची भाजी एकदा पार्सल आणा. रिकाम्या डब्याचं वजन वजा करून ती काट्यावर ठेवा, मग पनीरचे किंवा चिकनचे तुकडे वेगळे काढून त्यांचं वजन करा. एका प्लेटमध्ये खरोखर किती माल येतो ते कळेल. रस्सा असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. बटर, तूप, वनस्पती तूप वर थिजतं, पामतेलही गोठतं. सोयाबीनचं किंवा सूर्यफुलाचं तेल थिजत नाही, पण थर धरतं आणि चमच्याने उचलता येतं. तो थर मोजा. क्रीम-काजूच्या ग्रेव्हीत मात्र हा उपाय अपुरा पडतो, तिथे थर निघाला नाही तरी वरचाच हिशेब धरा.

अंदाज बरोबर येतोय का ते तपासणं

हॉटेलात जेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वजन किलोभर वाढलेलं दिसलं तर ते मुख्यतः मिठामुळे साठलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असतं. एक किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त जाव्या लागतात. दोन-तीन दिवसांत वजन खाली येतं. म्हणून एका सकाळचं वजन पाहू नका, आठवड्याची सरासरी काढा.

समजा तुमच्या नोंदीप्रमाणे रोज ४०० कॅलरींची तूट आहे. चार आठवड्यांत ती ११,२०० होते, म्हणजे जवळजवळ दीड किलो कमी व्हायला हवं. प्रत्यक्षात ७०० ग्रॅमच कमी झालं, तर रोजच्या सरासरी २०० कॅलरी कुठेतरी सुटताहेत. आठवड्याला त्या १४०० होतात. तुम्ही आठवड्यातून दोनदाच बाहेर जेवत असाल तर प्रत्येक जेवणात ७०० ची चूक होणं अवघड आहे. अशा वेळी हॉटेलच्या भाज्यांचा आकडा १५०-२०० ने वाढवा, आणि उरलेली चूक घरच्या तेलाच्या बरणीत शोधा. महिन्याला किती लिटर तेल आणता, त्याला घरातल्या माणसांनी आणि तीस दिवसांनी भागलं की उत्तर मिळतं. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज ३३ मिली येतं, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी.